अपुरी गोधडी

महाड व पोलादपूर ह्या तालुक्यांतील पुष्कळ घरी पेटीत किंवा माळ्यावर एखादी अपुरी गोधडी गुंडाळून ठेविलेली असते. उन्हाळ्यातील दुपारी जुनी लुगडी व धोतरे एकावर एक अंथरून, प्रथम कच्चे टाके घालून, गृहिणी मोठ्या हौसेने धावदोरा घालू लागते. इतक्यात मृग निघतो, पेरणी होते, मागून भाताची लावणी येते. आणि गोधडी जी एकदा गुंडाळली जाते, ती दिवाळी उलटून थंडी पडली तरी उलगडत नाही.

अशाच एका गोधडीविषयी एका भगिनीने आम्हांस विचारले, "सासूबाईंनी नातवाकरिता शिवावयास घेतलेली गोधडी अर्धी राहिली व त्या वारल्या. त्यांची सुई अजून तीत टोचलेली आहे. मुलगा आता मुंबईस असतो व त्याने विकतचे ब्लँकेट घेतले आहे. मग ही पुरी करण्याचे बंधन मजवर आहे काय? आणि केलीच, तर त्यांचे वाकडे टाके उसवावे काय?" प्रश्न लहान दिसतो, परंतु हाती घेतलेल्या कामाचे आपण कोणास देणे लागतो, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटी आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, प्रत्येक अपुरे काम हा दोष नव्हे. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून कित्येक कुटुंबे घरांसह गाडली गेली. त्यांच्या हातची कामे अपुरी राहिली. म्हणून त्यांस आळशी कोण म्हणेल? लावणीसाठी सुई खाली ठेवणारी स्त्रीही दोषी नाही. तिने थोरल्या कामासाठी धाकटे थांबविले इतकेच.

दोष तो निराळाच. आरंभ गोड असतो. काठ सजविताना रंग जुळवावे लागतात, शेजारणी पाहून वाखाणतात. पुढे मधला भाग येतो. तेथे ओळीमागून ओळ सारखीच, आणि पाहावयास कोणी नसते. तेव्हा मन नव्या गोधडीकडे धावते. परंतु अर्ध्या गोधडीपासून अर्धी ऊब मिळते असे नाही. आतील थर जागच्या जागी धरून ठेवणे हे टाक्यांचे काम होय. जेथे ते पडले नाहीत, तेथे पहिल्याच धुण्यात चिंध्या सरकून एका कोपऱ्यात गोळा होतात, व उरल्या जागी नुसते अस्तर राहते.

शिवाय ते कापड अडकून पडलेले असते. वर सांगितलेल्या त्याच दिवसांत सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले, आणि कित्येकांची अंथरुणे-पांघरुणे चिखलात गेली. अशा वेळी पेटीतील अपुरी गोधडी शेजाऱ्याच्या अंगावर घालता येत नाही. गरज आपली सवड विचारून येत नसते. यापो येथील टबीथा वारली, तेव्हा विधवांनी रडत रडत तिने केलेली वस्त्रे दाखविली. ती करणार होती ती नव्हेत.

आता त्या भगिनीचा प्रश्न. सासूचा संकल्प सुनेवर कर्ज म्हणून बसत नाही. परंतु ते कापड कोणास तरी ऊब यावी म्हणून गोळा केले होते, हे तिने विसरू नये. नातवास नको असेल तर थंडीने कुडकुडणारे दुसरे अंग गावात खचित असेल. आपणांस सवड किंवा दृष्टी नसेल तर दुसऱ्या सुईच्या हाती द्यावी. तेही न जमल्यास उसवून तान्ह्या मुलांची दुपटी करावीत. ह्यात लाज नाही. मात्र आठवण म्हणून तशीच ठेवू नये. आमच्या कोकणच्या ओलीत सुई गंजते, कापडास बुरशी चढते, वाळवी लागते. दोन-चार पावसाळ्यांत आठवणही जाते आणि गोधडीही.

वाकडे टाके? जेथे दोरा धरून आहे, तेथे ते राहू द्यावेत. डोळे अधू झाले असताही म्हातारीचा हात थांबला नाही, ह्याची ती खूण आहे. जेथे ते सुटले असतील, तेथे शेजारी आपला टाका घालावा. आणि कोणी पुसल्यास "मी शिवली" असे न म्हणता "आम्ही दोघींनी शिवली" असे म्हणावे.

वाचक भगिनींनो, येत्या उन्हाळ्यात नवी गोधडी अंथरण्यापूर्वी जुनी पेटी उघडा. एका दुपारी एक ओळ झाली तरी पुरे. मृगापूर्वी पुष्कळ दुपारी आहेत.