दही दुधात होतं का?

दही दुधात आधीपासून होतं का? प्रश्न पोरकट वाटेल, पण आपल्या दर्शनकारांनी त्यावर शतकानुशतकं वाद घातला आहे. सांख्य म्हणतात, होतं. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त त्याची कारणं दिली आहेत: जे मुळात नाहीच ते कुणालाही निर्माण करता येत नाही, आणि वाटेल त्यातून वाटेल ते होत नाही. तेल हवं तर घाण्यात तीळच घालावे लागतात, वाळू घालून भागत नाही. म्हणून कार्य कारणात दडलेलं असतं, वेळ आली की उघड होतं. नैयायिकांना हे पटत नाही. मडकं मातीत आधीच असेल तर गोळ्यातच पाणी भरा की, कुंभाराला कशाला बोलावता, असं ते विचारतात.

माझे वडील वाईत भिक्षुकी करायचे आणि मी आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवलं, त्यामुळे या वादात पडायचा मला दोन्हीकडून हक्क आहे असं मी समजते. मुलांपुढे मी आधी सांख्यांची बाजू मांडायचे, कारण फळ्यावर ती फार देखणी दिसते. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. तिच्या एका रेणूत 12 कार्बन, 22 हायड्रोजन आणि 11 ऑक्सिजन. त्यात पाण्याचा एक रेणू मिळवा: 12, 24, 12. आता याचे चार सारखे वाटे करा. 3, 6, 3. हे झालं लॅक्टिक आम्ल, दह्याचा आंबटपणा. स्वीडनच्या शीले या रसायनशास्त्रज्ञाने 1780 साली ते नासलेल्या दुधातूनच वेगळं काढलं. बेरीज तपासून पाहा, एकही अणू बाहेरून आलेला नाही, एकही हरवलेला नाही. सांख्यांनी टाळ्या वाजवाव्यात अशी ही गोष्ट.

पण देवघरातलं काळवंडलेलं तांब्याचं तामण घ्या. त्यावर दूध चोळा. काही होणार नाही, फार तर तामण चिकट होईल. आता आंबट ताक चोळा आणि थोडा वेळ थांबा. तांब्यावर चढलेला काळपट थर म्हणजे तांबं आणि ऑक्सिजन यांचं संयुग. ते आम्लात विरघळतं आणि खालचं लालसर तांबं निघतं. (हेच ताक कल्हई नसलेल्या पितळेच्या पातेल्यात राहिलं तर कळकतं. भांड्यातलं तांबं ताकात उतरतं आणि ते पिणाऱ्याच्या पोटात ढवळतं. कल्हईवाला दारावर यायचा तो उगाच नव्हे.) अणू तेच, मग हे कसब दुधात कुठे होतं? अणूंची मांडणी बदलली आणि एक नवा गुण जन्माला आला. ‘दडलेला होता’ म्हणून तो समजावता येत नाही, कारण दूध कितीही शोधलं तरी तो सापडत नाही. मी इथे नैयायिकांच्या बाजूने आहे.

आणि आमच्या वडिलांची पोथीही. पंचामृतात दूध, दही, तूप, मध, साखर अशी पाच मोजतात. दही म्हणजे उघड झालेलं दूधच असतं, तर देवाला चारांवर भागवायला हरकत नव्हती. वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, ‘अगं, मग तूपही दुधातच धर, तीनच उरतील.’

    

नैयायिकांनाही मात्र सहज सोडता येत नाही. त्यांच्या मते माती हे मडक्याचं उपादान कारण आणि कुंभार हे निमित्त कारण. मडकं झालं की कुंभार हात धुऊन घरी जातो. इथे कुंभार कोण? विरजण, म्हणजे त्या चमचाभर दह्यातले जिवाणू. ते लॅक्टोज खातात, त्यातून जगण्यापुरती ऊर्जा काढतात आणि आम्ल बाहेर टाकतात. पण काम झाल्यावर ते घरी जात नाहीत. कोमट दुधात रातोरात वाढून सकाळी दह्याच्या कणाकणांत तेच असतात. कुंभार मडक्यातच राहिला, आणि तोही एकाचे अनेक होऊन! उद्याचं दूध विरजायला आपण त्याच दह्यातला चमचा ठेवतो, म्हणजे दही दुधातून जितकं आलं तितकंच दह्यातूनही आलं. मग विरजणाला उपादान म्हणायचं की निमित्त? वर्गात यावर एकदा मधली सुट्टी संपेपर्यंत भांडण चाललं होतं, आणि ‘दोन्ही’ म्हणणाऱ्या मुलीला कुणीच खोडून काढू शकलं नाही.