छर्ऱ्यांची निवड आणि प्रमादाचा प्रश्न

मोठ्या बोअरच्या जुन्या बंदुकीने पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्याच्या हातून हिंसा नेमकी केव्हा घडते, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर चाप ओढण्याच्या क्षणाकडे बोट दाखवते. परंतु पक्षी जागीच मरेल, जायबंदी होऊन उडून जाईल की कित्येक आठवड्यांनी विषाने मरेल, हे त्या क्षणाच्या बरेच आधी, काडतुसात कोणते छर्रे आणि किती वजनाचे भरायचे हे ठरवताना, पुष्कळसे निश्चित झालेले असते. म्हणूनच छर्ऱ्यांची निवड ही केवळ तांत्रिक बाब मानता येत नाही. शिकाऱ्याच्या नैतिक जबाबदारीचा फार मोठा भाग तेथेच सामावलेला आहे.

बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचे माप. नळीत चपखल बसणाऱ्या शिशाच्या किती गोळ्या मिळून एक पौंड, म्हणजे सुमारे 454 ग्रॅम, वजन होते, त्या संख्येने ते मोजतात. साहजिकच आकडा जितका लहान तितकी नळी रुंद, आणि बारा बोअरचा व्यास सुमारे 18.5 मिलिमीटर असेल तर आठ बोअरचा 21 मिलिमीटरांच्या थोडा पुढे जातो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या किनाऱ्यांवरील खाजणांत बदके आणि रानहंस टिपण्यासाठी आठ व चार बोअरच्या बंदुका वापरल्या जात, आणि कर्नल पीटर हॉकर यांच्यासारखे शिकारी तर सपाट होडीवर बसवलेल्या अजस्र बंदुकीतून पाण्यावर बसलेल्या थव्यावर एकाच बारात छर्ऱ्यांचा वर्षाव करीत. अशा बंदुकांविषयी एक गैरसमज रूढ आहे. रुंद नळीमुळे छर्रा अधिक वेगाने जात नाही. अधिक छर्रे एकदम सुटतात, एवढेच. ब्रिटिश मापाच्या एक नंबरचे छर्रे एका औंसात, म्हणजे 28 ग्रॅममध्ये, सुमारे शंभर बसतात, तर त्याहून जाड बीबी छर्रे सुमारे सत्तर. आठ बोअरच्या दोन औंसांच्या काडतुसात त्यामुळे पहिले दोनशे आणि दुसरे एकशे चाळीस मावतात. जाड छर्रा वेग टिकवतो आणि खोल शिरतो, पण संख्या घटल्यामुळे छर्ऱ्यांचा पसारा विरळ होतो. बारीक छर्ऱ्यांचा पसारा दाट राहतो, पण लांबवर गेल्यावर त्यांच्यात मर्मापर्यंत पोचण्याइतका जोर उरत नाही. पक्षी तत्काळ मरायचा असेल, तर पुरेसे छर्रे आणि पुरेसा जोर या दोन्ही गोष्टी एकाच अंतरावर साधाव्या लागतात, आणि त्या अंतरापलीकडे बार न काढणे हाही निवडीचाच भाग ठरतो.

या निवडीतला दोष तोलण्यासाठी जैन परंपरेतली एक कसोटी उपयोगी पडते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची जी व्याख्या येते, तिच्यात प्राणहरणाला प्रमादाची, म्हणजे बेसावध व विकारग्रस्त प्रवृत्तीची, जोड दिलेली आहे. जैन दर्शनाला शिकार मुळातच मान्य नाही, ती संकल्पी म्हणजे हेतुपुरस्सर केलेली हिंसा ठरते, आणि छर्ऱ्यांच्या कोणत्याही काळजीपूर्वक निवडीने तो दोष पुसला जात नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. तरीही प्रमादाची कसोटी शिकारीच्या आतही लागू पडते, कारण मारण्याचा हेतू एक असला तरी जखमी करून सोडून देण्याचा हेतू कोणाचाच नसतो. ते केवळ बेपर्वाईने घडते. मोठी बंदूक हातात असली की लांबचा थवा आवाक्यात आल्यासारखा वाटतो, आणि पसाऱ्याच्या कडेचे तुरळक छर्रे नेम धरलेल्या पक्ष्याच्या शेजाऱ्यांच्या अंगात शिरतात. डेन्मार्कमध्ये 1990 च्या दशकात गुलाबी पायांच्या जिवंत रानहंसांची क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा प्रौढ पक्ष्यांपैकी साधारण एक-तृतीयांशांच्या शरीरात छर्रे आढळले. त्यानंतर तेथे कमी अंतरावरूनच बार काढण्याचा आग्रह धरणारी मोहीम राबवली गेली आणि असे पक्षी कमी झाले. ही जखम अटळ नव्हती, हे त्यातून सिद्ध होते.

याहून अवघड प्रश्न न लागलेल्या छर्ऱ्यांचा आहे. बदके अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात आणि ते पेषणीत, म्हणजे पोटाच्या स्नायुमय भागात, साठवतात. चिखलात पडलेला शिशाचा छर्रा खडा समजून गिळला गेला की तो तेथे झिजतो, शिसे रक्तात उतरते, पक्ष्याचे स्नायू लुळे पडतात आणि तो खंगून मरतो. हे घडवणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथात राजा मिलिंद विचारतो की जाणून पाप करणाऱ्याचा दोष मोठा की अजाणतेपणी करणाऱ्याचा, आणि भिक्षू नागसेन अनपेक्षितपणे दुसऱ्याचा दोष मोठा ठरवतात: तापलेला लोखंडी गोळा माहीत नसताना उचलणाऱ्याचा हात अधिक भाजतो. ज्याला धोक्याची जाणीव नाही तो हात आखडत नाही, असा या दृष्टांताचा अर्थ लावल्यास तो शिशाच्या बाबतीत शब्दशः खरा ठरतो. पण अज्ञानाचीही मुदत असते. अमेरिकी निसर्ग-अभ्यासक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी या विषबाधेविषयी 1894 मध्येच लिहिले होते, पाणपक्ष्यांचे अभ्यासक फ्रँक बेलरोज यांनी 1959 मध्ये तिची व्याप्ती मांडली, आणि तरीही पाणपक्ष्यांच्या शिकारीतून शिसे अमेरिकेत देशभर हद्दपार व्हायला 1991 उजाडले. मधल्या सत्त्याण्णव वर्षांतले अज्ञान उत्तरोत्तर प्रमादाचे रूप घेत गेले, असेच म्हणावे लागते.

शिशाला पर्याय म्हणून आलेले पोलादी छर्रे जुन्या बंदुकीला मानवत नाहीत. पोलाद कठीण असल्यामुळे ते चोकमध्ये, म्हणजे नळीच्या तोंडाशी आवळलेल्या भागात, शिशासारखे दबत नाही, आणि काळ्या दारूच्या जमान्यात लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून घडवलेल्या दमास्कस नळीला त्यामुळे ओरखडे पडू शकतात किंवा फुगवटा येऊ शकतो. ही अडचण खरी आहे, परंतु ‘बंदूक पोलाद सोसत नाही, म्हणून शिसेच’ हा युक्तिवाद तिच्यातून निघत नाही, कारण बिस्मथाचे छर्रे नळीला पुरेसे मऊ असतात आणि पक्ष्यांच्या पोटात शिशासारखे विष पसरवत नाहीत. बिस्मथाची घनता सुमारे 9.7, शिशाची 11.3, म्हणून जोर राखण्यासाठी छर्रा एक माप जाड घ्यावा लागतो, पसारा तितका विरळ होतो आणि बार काढण्याचे अंतर आणखी कमी करावे लागते. शिवाय हे छर्रे शिशापेक्षा बरेच महाग पडतात. बंदुकीच्या वयाचा हा बोजा बंदूक बाळगणाऱ्याने उचलायचा असतो, पाणथळीतल्या पक्ष्यांनी नव्हे. ज्याला हा खर्च आणि हे घटलेले अंतर मान्य नसेल, त्याने ती बंदूक भिंतीवर टांगून ठेवावी.