धाक आणि धीर

लढाऊ वैमानिक घडवताना शिक्षकाने कठोर असावे की धीर देणारे, हा प्रश्न वरवर पाहता सैन्याच्या अंतर्गत व्यवहाराचा वाटतो. परंतु ज्याच्या हाती दुसऱ्याची जडणघडण सोपवलेली आहे अशा प्रत्येकाचा, आईबापांचा, शिक्षकाचा, धर्मगुरूचाही, तो प्रश्न आहे. विमानात तो अधिक धारदार होतो, इतकेच. कारण तेथे चुकीची किंमत काही क्षणांत आणि प्राणांनी चुकवावी लागते.

कठोरतेची बाजू दुबळी नाही. शत्रू सवलत देत नाही, गुरुत्वाकर्षण दयामाया जाणत नाही. जो शिक्षकाच्या आवाजाने गांगरतो तो तोफांच्या माऱ्यात कसा टिकेल? टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही तर आपलीच म्हण आहे. शिवाय अनुभवी शिक्षक या मताला पुरावाही देतात.

असाच पुरावा मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन यांच्यापुढे आला. २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे हे विद्वान पूर्वी एकदा इस्रायलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांना सांगत होते, की शिक्षेपेक्षा कौतुकाने माणूस अधिक शिकतो. एका जाणत्या प्रशिक्षकाने हरकत घेतली. अवघड कसरत उत्तम करणाऱ्या छात्राची तारीफ केली, की पुढच्या खेपेस तो बिघडतो. वाईट करणाऱ्याला खडसावले, की तो सुधारतो, असा त्याचा अनुभव होता.

अनुभव खरा होता, निष्कर्ष मात्र चुकीचा. विलक्षण चांगल्या कसरतीत कौशल्याबरोबर योगायोगाचाही वाटा असतो. पुढच्या खेपेस छात्र आपल्या नेहमीच्या पातळीकडे परततो, मग कोणी त्याला शाबासकी देवो वा न देवो. विलक्षण वाईट कसरतीचेही तसेच. कानेमन यांनी जमिनीवर खडूने खूण केली आणि प्रत्येक अधिकाऱ्याला पाठमोरे उभे राहून तिच्याकडे दोनदा नाणे फेकायला लावले. पहिल्यांदा ज्यांचा नेम चांगला लागला, त्यांतील बहुतेकांचा दुसऱ्यांदा ढळला; ज्यांचा हुकला होता त्यांचा सुधारला. तेथे कोणी कोणाला शाबासकी दिली नव्हती की दटावले नव्हते.

यातून कानेमन यांनी टिपलेले सत्य अस्वस्थ करणारे आहे. रागावणाऱ्याला जग तत्काळ बक्षीस देते, कौतुक करणाऱ्याला तत्काळ निराश करते. म्हणून कठोर शिक्षक बहुधा दुष्ट नसतो. तो डोळ्यांना दिसते त्यावर प्रामाणिकपणे विश्वास ठेवतो. आणि म्हणूनच सौम्यतेला केवळ चांगला स्वभाव पुरत नाही, उद्याच्या निकालापलीकडे पाहणारी श्रद्धा लागते.

अर्थात, यावरून प्रत्येक कौतुक फळते असे सिद्ध होत नाही. धाकाच्या बाजूचा एक पुरावा ढासळतो, एवढेच. धीर देणे म्हणजे लाड करणेही नव्हे. १९१७ साली इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी वैमानिक-शिक्षणाची जी पद्धत घडवली ती मुळीच सुखासीन नव्हती. दुहेरी नियंत्रणाच्या विमानात ते शिकाऊंना धोक्यापासून दूर ठेवीत नसत. उलट गिरक्या घेत कोसळणाऱ्या विमानातून बाहेर कसे यावे, हे तसा प्रसंग मुद्दाम आणून शिकवले जाई. बोलण्याच्या नळीतून शिक्षकाचा आवाज उड्डाणातही शिष्यापर्यंत पोहोचे, आणि काय केले, का केले, हे समजावून सांगितले जाई. येथे कठोरता होती ती कामाची. शिक्षकाच्या संतापाची नव्हे. भय दडपले जात नव्हते, ज्ञानाने जिंकले जात होते.

धाकाचा खरा दोष हा, की तो सत्याचे तोंड बंद करतो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धुकट धावपट्टीवर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे दगावली. कारणे अनेक होती. परंतु धाव घेतलेल्या विमानातील फ्लाइट इंजिनियरने, समोरचे विमान अजून बाजूला झाले नाही काय, अशी शंका काढली होती. ज्येष्ठ कप्तानाने ती ठामपणे झटकली आणि पुन्हा कोणी बोलले नाही. तेथे क्रौर्य नव्हते. अधिकाराचा दरारा पुरेसा ठरला. पुढे जगभरच्या वैमानिकांना कनिष्ठांनी बोलावे आणि ज्येष्ठांनी ऐकावे हे रीतसर शिकवले जाऊ लागले. दगडाला टाकीपुढे बोलायचे नसते. शिष्याला मात्र बोलता आले पाहिजे. म्हणीची मर्यादा ती हीच.

संत जॉन बॉस्को यांनी १८७७ साली दमनाची पद्धत आणि प्रतिबंधक पद्धत असा भेद मांडून दुसरीला विवेक, धर्म आणि वात्सल्य यांचा आधार दिला. तुरिनची अनाथ मुले आणि लढाऊ वैमानिक यांत अंतर आहे, पण माणूस तोच आहे. प्रभू येशूनेही पेत्राला एकदा अत्यंत कडक शब्दांत फटकारले. कारण पेत्राचा विचार चुकत होता. परंतु नाकारण्याचे पाप घडल्यावर तिबेरियाच्या किनाऱ्यावर त्याने तीन प्रश्न विचारले आणि प्रत्येक उत्तरासरशी मेंढरांची जबाबदारी सोपवली. शब्द कधी कठोर, कधी मृदू. विश्वास मात्र काढून घेतला नाही.

अपात्र छात्राला परत पाठवणे हेदेखील प्रेमच होय. खोट्या शाबासकीने त्याला मृत्यूच्या हवाली करणे नव्हे. तेव्हा निकष सैल न करता माणसाचा मान राखणे, हाच मार्ग उरतो. एके दिवशी शिक्षक विमानातून उतरतो आणि शिष्य प्रथमच एकटा आकाशात झेपावतो. धाक बसवणारा तेव्हा जमिनीवर राहिलेला असतो. वर सोबत जाते ती समज, आणि कोणीतरी आपल्यावर टाकलेला विश्वास.