घेतलेले रक्त

आपल्यापैकी ज्याच्या हाताला कधी सलाईन लागले आहे किंवा ज्याने लस टोचून घेतली आहे, त्याच्यावर बहुधा एका मुक्या जलचराचे ऋण आहे. या ऋणाचा विचार आपण क्वचितच करतो.

हॉर्सशू क्रॅब हे त्या जिवाचे नाव. नाव खेकड्याचे असले तरी त्याचे नाते कोळी व विंचू यांच्याशी अधिक जवळचे आहे. घोड्याच्या नालासारखे कवच, मागे अणकुचीदार शेपटी आणि निळे रक्त. कारण आपल्या रक्तात जे काम लोह करते, ते त्याच्या रक्तात तांबे करते. विशिष्ट जिवाणूंचा संपर्क होताच हे रक्त गोठते, असे फ्रेडरिक बँग या शास्त्रज्ञाने १९५६ साली दाखवून दिले. अमेरिकेतील वूड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत हे संशोधन झाले. पुढे जॅक लेव्हिन यांच्यासह त्यांनी त्यातून एक चाचणी सिद्ध केली. जिवाणू मेले तरी त्यांच्या आवरणातील विष औषधात उरू शकते आणि ते शिरेत गेल्यास प्राणावर बेतते. या जिवाच्या रक्तपेशींचा अर्क ते विष अत्यल्प असले तरी उघडकीस आणतो. १९७७ मध्ये अमेरिकेत या चाचणीला शासकीय मान्यता मिळाली. त्यापूर्वी हीच परीक्षा जिवंत सशांवर होत असे, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे.

आता रक्त कसे मिळते ते पाहा. अटलांटिकच्या किनाऱ्यावर हे जीव पकडतात, हृदयाजवळ सुई खुपसून सुमारे तीस टक्क्यांपर्यंत रक्त काढतात व त्यांना पुन्हा समुद्रात सोडतात. शेकडा पंधरा मरतात असे तेथील नियामक धरून चालतात. काही अभ्यासांत हा आकडा तिसापर्यंत गेला आहे. ज्या माद्या वाचतात त्याही मंदावतात, आणि अंडी घालण्यासाठी किनाऱ्याकडे कमी वेळा येतात. डेलावेअरच्या उपसागरात या अंड्यांवर रेड नॉट नावाचे पक्षी पोसले जातात. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून उत्तर ध्रुवप्रदेशाकडे जाताना ते येथे उतरतात. मासेमारीत आमिष म्हणून या जिवांचा जो संहार झाला, तो निराळाच.

कोणी याला त्या प्राण्याचे ‘बलिदान’ म्हणतात. हा शब्द आपण ख्रिस्ती लोकांनी तरी येथे वापरू नये. आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, आपण तो आपण होऊन देतो, असे प्रभूने स्पष्ट सांगितले होते. येथे कोणी काही दिलेले नाही. आपण घेतले आहे. घेण्याला देण्याचे नाव दिले, की ऋणाची जाणीव आपोआप पुसली जाते.

मग घेणे पाप होते काय? मला तसे वाटत नाही. तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईला निर्धोक औषध नाकारण्याचा अधिकार कोणाला आहे? परंतु अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्याविषयी एक लहानशी आज्ञा आहे. पिले घेण्याची तिथे मुभा आहे, मात्र त्यांच्याबरोबर आईला धरू नये, तिला जाऊ द्यावे. मुभा आहे आणि तिला मर्यादाही आहे. (चिमण्यांविषयीचे प्रभूचे वचन आपण स्वतःच्या सांत्वनापुरतेच वाचतो, हेही खरे.) आपल्या देशात ओडिशाच्या बालेश्वर किनाऱ्यावरही या जिवांच्या माद्या अंडी घालण्यास येतात, आणि २००९ मध्ये त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र लाभले.

ती मर्यादा आता ओलांडली जात आहे, असे म्हणण्यास कारण आहे. ज्या प्रथिनामुळे रक्त गोठते, ते रक्ताशिवाय बनविण्याची रीत सिंगापूरच्या विद्यापीठात जीक लिंग डिंग व बो हो या दांपत्याने १९९० च्या दशकातच शोधली. तरी युरोपच्या औषधसंहितेत या पद्धतीला स्वतंत्र स्थान २०२१ मध्ये मिळाले आणि अमेरिकेच्या संहितेत २०२५ मध्ये. जुनी चाचणी आजही चालू आहे. बदल करायचा तर नव्याने कागदपत्रे, नव्याने पडताळणी व खर्च आला. निरुपाय होता तोवर निरुपायाची सबब खरी होती. आता उरली आहे ती सवय. आपल्या मंडळ्यांत औषधनिर्माते आहेत, मिशन हॉस्पिटलांसाठी औषधे खरेदी करणारे आहेत. आपल्या औषधांची परीक्षा कोणत्या रीतीने होते, एवढे त्यांना पुरवठादारास विचारता येईल.