गाडी पाठविली, पण गोशेन दिले काय?

शास्त्रपाठ : उत्पत्ती ४५:९–२८, ४६:१–७, ४७:७–१२, २७–३१



वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आपल्या मंडळ्यांत अशी पुष्कळ कुटुंबे आहेत की ज्यांचे मूळ घर जालना, अहिल्यानगर, मिरज, सोलापूर या बाजूला आहे. कोणी रेल्वेच्या नोकरीत आले, कोणी दवाखान्यात परिचारिका म्हणून, कोणी शाळेत शिक्षक म्हणून, कोणी अलीकडे कंपनीत. मुले परगावी रुजली, आईबाप गावी राहिले. मग एके दिवशी शेजाऱ्याचा फोन येतो, "आई न्हाणीत पडल्या," किंवा "बाबांनी स्टो पेटता ठेवला आणि विसरले." भावंडे एकमेकांशी बोलतात आणि ठरते की आता त्यांना एकटे ठेवायचे नाही, घेऊन यायचे.

हा निर्णय चांगला आहे. पाचवी आज्ञा तोंडाने म्हणणारे पुष्कळ आहेत. तिच्यासाठी घरातली एक खोली रिकामी करणारे थोडे. परंतु आणणे हे एका दिवसाचे काम आहे आणि ठेवून घेणे हे वर्षानुवर्षांचे. म्हातारा बाप परमुलखात मुलाकडे राहावयास गेला त्याची सविस्तर हकीकत पवित्र शास्त्रात आहे. योसेफाने याकोबाला मिसरात आणिले, ती ही हकीकत. भावांची क्षमा हा तिच्यातला भाग आपण नेहमी ऐकतो. आज आपण योसेफाने म्हाताऱ्या बापाला कसे आणिले आणि कसे ठेविले, एवढेच पाहू.

पहिली गोष्ट ही की, याकोब स्वतः "जातो" म्हणाला, तेव्हाच निघाला. योसेफाने निरोप पाठविला, गाड्या पाठविल्या, धान्याने लादलेल्या गाढवी पाठविल्या. पण बापाला उचलून गाडीत घातले नाही. याकोबाने गाड्या डोळ्यांनी पाहिल्या, त्याच्या जिवात जीव आला आणि मग तो आपण होऊन म्हणाला की मरण्यापूर्वी मुलाला भेटेन. तरीही तो थेट मिसरात गेला नाही. वाटेत बैर-शेबा येथे थांबला, आपल्या बापाच्या देवाला यज्ञ केले, आणि त्या रात्री देवाने त्याला सांगितले की भिऊ नको, मी तुझ्याबरोबर येतो. देव भिऊ नको म्हणतो ते मनुष्य भ्यालेला असतो म्हणून. एकशेतीस वर्षांचा तो कुलपती परमुलखात जायला भीत होता. मग तुमची आमची सत्तर-पंचाहत्तर वर्षांची आई घाबरली तर तिला हट्टी का म्हणावे? तिला तिची बैर-शेबा मिळू द्या. ज्या देवळात तिचा बाप्तिस्मा झाला तेथे एक रविवार बसू द्या, कबरस्तानात जाऊन येऊ द्या, शेजारणींचा निरोप घेऊ द्या. दोन दिवसांच्या रजेवर जाऊन, सामान बांधून, तिसऱ्या दिवशी गाडीत बसविले, असे करू नका.

आणि ती "नाही" म्हणाली तर? शास्त्रात त्याचेही उदाहरण आहे. २ शमुवेल १९ मध्ये बर्जिल्लय नावाचा ऐंशी वर्षांचा गृहस्थ आहे. संकटकाळी त्याने दावीद राजाला अन्न पुरविले होते. राजा त्याला म्हणाला की माझ्याबरोबर यरुशलेमेस चल, मी तुला सांभाळीन. बर्जिल्लयाने नम्रपणे नकार दिला. आता मला जेवणाची चव कळत नाही, गाणे ऐकू येत नाही, मी राजाला भार का व्हावे, मला माझ्या गावी माझ्या आईबापांच्या कबरेजवळ मरू दे, असे त्याचे म्हणणे होते. दावीद रागावला नाही. त्याने त्याचे चुंबन घेतले, आशीर्वाद दिला आणि जाऊ दिले. ज्यांचे आईबाप येत नाहीत त्यांनी स्वतःला अपराधी समजू नये आणि आईबापांनाही अपराधी ठरवू नये. त्यांना गावीच धड राहता येईल अशी तजवीज करणे हाही सन्मानच आहे. सोबतीला माणूस ठेवावा, ठरल्या तारखेला पैसे पाठवावेत, वारंवार जाऊन यावे.

दुसरी गोष्ट, याकोब आपले सामान घेऊन आला. हे वचन आपण सहसा वाचून पुढे जातो. फारोने सांगितले होते की आपल्या चीजवस्तूंची चिंता करू नका, मिसर देशातले उत्तम ते तुमचेच आहे (४५:२०). तरीदेखील याकोबाचे घराणे कनानात मिळविलेली गुरेढोरे आणि मालमत्ता बरोबर घेऊन निघाले (४६:६). राजाच्या देणगीचा अनादर म्हणून नव्हे, तर रिकाम्या हातांनी जाणारा माणूस आश्रित होतो म्हणून, असे मला वाटते. आपण म्हणतो, "आई, ती जुनी ट्रंक कशाला? तिकडे सगळे आहे." तिकडे सगळे आहे हे खरे, पण ते सगळे सुनेचे आहे. तिची ट्रंक, मोठ्या अक्षरांचे तिचे पवित्र शास्त्र, पाने सुटलेले तिचे उपासना संगीत, तिचा खलबत्ता येऊ द्या. त्यासाठी एक कोपरा द्या आणि त्या कोपऱ्याला हात लावण्यापूर्वी तिला विचारा.

याच ठिकाणी गावच्या घराविषयी बोलले पाहिजे. पुष्कळदा आईबापांना आणण्याआधीच घर विकले जाते आणि पैसे भावंडांत वाटले जातात. मग एखाद्या दिवशी सुनेशी दोन शब्द झाले तर परत जायला म्हाताऱ्याला उंबरठा उरत नाही. बंधूंनो, निदान पहिले वर्षभर घर राखा. घर विकायचेच झाले तर ते पैसे त्यांच्या नावावर त्यांच्या खात्यात असू द्या. हे किती वेळा बिघडते हे सरकारलाही कळले, म्हणूनच २००७ साली संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळविण्याची सोय त्यात आहे. पण ख्रिस्ती घरातील बापाला मुलाविरुद्ध अर्ज करावा लागावा, हे आपल्या साक्षीला शोभणारे नाही.

तिसरी गोष्ट, योसेफाने बापाला गोशेन दिले. तो फारोच्या खालोखाल अधिकारी होता. वाड्यातली एखादी खोली देऊन, दाराशी नोकर ठेवून तो मोकळा झाला असता. पण मेंढपाळाला वाड्यात करमत नाही हे त्याला ठाऊक होते. त्याने अशी जागा निवडली जी आपल्याजवळ होती आणि जेथे बापाची गुरे चरू शकत होती. जवळही आणि त्याचे स्वतःचेही, असे ते गोशेन.

आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात गोशेन कोठून आणावे, असे कोणी विचारील. गोशेन जागेने मोठे असावे लागत नाही. तेथे माणसाला आपले काहीतरी करता आले पाहिजे. गावी महिलामंडळाची सभा चालविणारी बाई शहरात तिसऱ्या मजल्यावर येते आणि दिवसभर गॅलरीच्या गजांतून रस्ता पाहत बसते. खाली उतरायला जिना आहे, बोलायला गुजराती नाहीतर तेलुगू पाहिजे. मुलगा व सून कामावर, नातवंडे शाळेत. टीव्ही आहे, पंखा आहे, औषधे वेळेवर आहेत, आणि ती वाळत चालली आहे. अशा बाईला कोपरासभेत प्रार्थना करायला सांगा आणि पाहा. नातवंडांना मराठी वाचायला शिकविण्याचे काम तिच्याकडे सोपवा. भाजी निवडायला द्या, आणि तिने निवडलेली भाजी पुन्हा निवडू नका. खर्चायला थोडे पैसे तिच्या हातात असू द्या, म्हणजे दानाच्या पिशवीत टाकायला तिला मुलाकडे मागावे लागणार नाही.

चौथी गोष्ट, योसेफाला बापाची लाज वाटली नाही. त्याने त्या धनगर म्हाताऱ्याला दरबारात नेऊन फारोपुढे उभे केले. फारोने वय विचारले. याकोबाने काय सांगितले? माझे दिवस थोडे आणि दुःखाचे झाले! राजाने एवढे उपकार केले आणि बापाने भर दरबारात आपले दुःख मांडले. योसेफाने त्याला गप्प केले असे कोठेही लिहिलेले नाही. पण त्याच याकोबाने आल्यावर आणि जातानाही फारोला आशीर्वाद दिला. आपल्याकडे पाहुणे आले की म्हातारा तीच गोष्ट चौथ्यांदा सांगतो आणि आपण त्याला आतल्या खोलीत जायला सुचवितो. जो तक्रार करतो तोच आशीर्वादही देतो. त्याचे तोंड बंद केले तर आपण दोन्हींना मुकतो.

पुढे याकोब आजारी पडला. योसेफाला निरोप मिळाला आणि तो दोन्ही मुलांना घेऊन बापाकडे गेला (४८:१). राज्याचा कारभार डोक्यावर असताना तो स्वतः गेला आणि नातवंडांनाही आजोबांच्या खाटेपाशी नेले. आजोबांना नीट दिसत नव्हते. त्यांनी हात अदलाबदल करून ठेविले, धाकट्याच्या डोक्यावर उजवा. योसेफाला वाटले, म्हातारपणाने चुकले. तो हात धरून सरळ करू लागला. याकोब म्हणाला की मला ठाऊक आहे. डोळे अधू होते, पण त्याला कळत होते. प्रत्येक वेळी आपण त्यांचा हात धरून सरळ करू नये.

मग शेवटची गोष्ट, मरणाविषयीची. याकोबाने योसेफाकडून शपथ घेतली की मला मिसरात पुरू नको, वाडवडिलांच्या कबरेत ने. "आताच कशाला तसले बोलता?" असे म्हणून योसेफाने विषय टाळला नाही. त्याने ऐकले, वचन दिले, आणि पुढे कनानापर्यंत जाऊन मक्पेलाच्या गुहेत ते पाळले. परगावी राहणाऱ्या आपल्या लोकांमध्ये हा प्रश्न मूकपणे पडून असतो. कबर कोठे? गावी पतीच्या शेजारी, की येथे? त्या जिवंत असताना, शांतपणे, चहा घेताना विचारा. शक्य असेल ते कबूल करा. शक्य नसेल तर तसे प्रेमाने सांगा, म्हणजे खोट्या भरवशावर त्यांचे डोळे मिटणार नाहीत.

आता एक शब्द घरातील कामाविषयी. "मी आईला आणले," असे मुलगा म्हणतो. तिला न्हाऊ घालते सून. त्या बहिणीची संमती घेतल्याशिवाय कोणाही पुरुषाने गाडी पाठवू नये, आणि गाडी पोहोचल्यावर रात्रीच्या उठण्यात अर्धा वाटा घ्यावा. तिचेही आईबाप म्हातारे होत आहेत हे विसरू नये. निर्गम २० मधील आज्ञा मुलगा व मुलगी असा भेद करीत नाही. विवाहित मुलीवरही आईबापांच्या पोषणाची जबाबदारी आहे असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिला. सीनाय पर्वतावर ते फार पूर्वीच लिहिले गेले होते. तसेच, जी भावंडे दूर आहेत त्यांनी केवळ सल्ले पाठवू नयेत. पैसे पाठवावेत, आणि वर्षातून महिनाभर येऊन सांभाळणाऱ्यांना विसावा द्यावा.

आणि मंडळीने काय करावे? प्रभू येशूने वधस्तंभावरून, प्राण जाण्याच्या वेदनेत, आपल्या आईची व्यवस्था केली. तिला त्याने एका शिष्याच्या स्वाधीन केले आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतले. म्हणून मंडळीला हा प्रश्न "त्यांचा घरगुती" म्हणता येत नाही. नव्याने आलेल्या आजीबाईंचा सभासदत्वाचा दाखला गावच्या मंडळीतून मागवून घ्या. रविवारी त्यांना आणायला कोणाची गाडी जाईल ते ठरवा. ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे प्रभुभोजन घेऊन जावे, म्हणून पाळकसाहेबांना आठवण द्या. ज्यांना मूलबाळ नाही किंवा ज्यांच्या मुलांनी पाठ फिरविली आहे, अशांची नावे वडीलमंडळींच्या वहीत असली पाहिजेत.

प्रियहो, योसेफाची गोष्ट सुरू होते तेव्हा तो सतरा वर्षांचा आहे. त्या वयापर्यंत याकोबाने त्याला वाढविले. मग बावीस वर्षांची ताटातूट झाली. आणि मिसरात आल्यावर याकोब किती वर्षे जगला? सतरा (४७:२८). बापाने सतरा वर्षे मुलाला भरविले, मुलाने सतरा वर्षे बापाला भरविले. आपले आईबापांचे देणे असे वर्षाला वर्ष लावून फिटेल असे नाही. पण देवाने फेडण्यासाठी काही वर्षे दिली असतील, तर ती ओझे म्हणून मोजू नका. ती दिली जात आहेत, आणि एक दिवस ती संपणार आहेत.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आमच्या घरातील वृद्धांना भिऊ नका म्हणण्याचे धैर्य व तसे वागण्याचे बळ आम्हांला दे. थकलेल्या हातांना विसावा दे. जे गावी एकटे आहेत त्यांच्या रात्री तू राख. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.