सल्ला देऊन निघून जाणारे

मॅनेजमेंट कन्सल्टिंगमध्ये जायचं, हे एमबीएला प्रवेश घेतानाच ठरलं होतं. कोणत्या प्रकारच्या फर्ममध्ये जायचं, हे मात्र अजून ठरत नाही. घरी सगळ्यांना वाटतं, घोडं पगारावर अडलंय. बायकोला वाटतं, प्रवासावर. दोन्ही खरंच आहे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता मला रोज दिसतो. सोमवारी पहाटेचं विमान पकडून गुरुवारी रात्री परतणारा बाप मुलीच्या वाट्याला किती येतो, हेही दिसतं. पण ही कारणं लोकांना चटकन पटतात म्हणून मी ती पुढे करतो. आत खुपतं ते निराळंच. मी सल्ला देऊन निघून जाईन, तेव्हा त्याचे परिणाम भोगायला जी माणसं मागे राहतील, त्यांचं मी काही देणं लागतो की नाही?

आधी मोठ्या नावांचं बोलतो, कारण ओढ तिकडचीच जास्त आहे. मॅकिन्झी, बॉस्टन कन्सल्टिंग, बेन. दोन-तीन महिन्यांचं काम, थेट संचालक मंडळासमोर सादरीकरण, मग पुढचा क्लायंट. शिकायला मिळतं म्हणून तिकडे जायचंय, असं मी मुलाखतीत सांगतो. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. मला ते नाव हवंय. कोणासाठी, असं स्वतःला विचारल्यावर उत्तर अवघडलेलं आलं. माझे वडील शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर होते. तिथे मॅकिन्झी म्हणजे काय, हे कोणाला सांगूनही कळणार नाही. आईला ‘नोकरी कायमची आहे ना?’ एवढंच कळायला हवंय. म्हणजे ते नाव मला हवंय ते वर्गातल्या पन्नास-साठ जणांसाठी, ज्यांच्याबरोबर मी शॉर्टलिस्टच्या याद्या वाचल्या. त्यातले निम्मे दोन वर्षांत माझ्या संपर्कातही नसतील.

मॅकिन्झीला आजचं रूप दिलं ते मार्विन बॉवर यांनी. पेशाने वकील. वकिलाचं अशिलाशी जसं नातं असतं तसं सल्लागाराचं असावं, फर्मच्या फायद्याआधी क्लायंटचं हित, आणि न आवडणारं सत्यही तोंडावर सांगायचं, हा त्यांचा आग्रह. 1963 मध्ये, साठीला आल्यावर, त्यांनी आपले शेअर फर्मला पुस्तकी किमतीला परत केले. बाहेर विकले असते तर किती तरी पट पैसे मिळाले असते. हे वाचलं तेव्हा मी भारावून गेलो होतो, आणि आजही मला ते मोठंच वाटतं.

त्याच फर्मने अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन या ओपिऑइड प्रकारच्या वेदनाशामक औषधाची विक्री वाढवण्यासाठी पर्ड्यू फार्माला सल्ला दिला. ओपिऑइडच्या व्यसनाने तिथे माणसं मरत असताना. 2021 मध्ये फर्मने जवळपास सगळ्या राज्यांशी मिळून 57 कोटी 30 लाख डॉलरची तडजोड केली, आणि 2024 च्या डिसेंबरात केंद्रीय तपास मिटवण्यासाठी आणखी 65 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. आकडे प्रचंड आहेत, पण माझी झोप उडते ती दुसऱ्या कारणाने. कोणते डॉक्टर ते औषध जास्त लिहून देतात, त्यांची वर्गवारी करायची आणि विक्री प्रतिनिधींना त्यांच्याकडे वळवायचं, हा त्या सल्ल्यातला एक भाग होता. हे नेमकं माझ्यासारख्या नवख्याचं काम. स्वच्छ डेटा, नेमका प्रश्न, मोजता येणारं उत्तर. मला ते काम आवडलं असतं. मन लावून केलं असतं, आणि आठवड्याच्या शेवटी मॅनेजरने पाठ थोपटली असती तर खूष होऊन घरी गेलो असतो. तिसऱ्या-चौथ्या पातळीवर बसलेल्याला गोळी गिळणारा माणूस दिसतच नाही. मी चांगला माणूस आहे, एवढ्याने तो मला दिसला असता, असं म्हणायची माझी हिंमत नाही.

कारण न दिसणं मी जवळून पाहिलंय. एमबीएच्या आधी चाकणच्या एका कारखान्यात मी प्रॉडक्शनला होतो. उत्पादकता वाढवायला सल्लागारांची टीम आली. हुशार, नम्र, रात्री एकपर्यंत काम करणारी मुलं. आमच्या लाइनवरचा एक ऑपरेटर मशीनवर जॉब लावण्याआधी दर वेळी फिक्स्चरच्या लोकेटिंग पिनवरून फडकं फिरवायचा. तीन-चार सेकंद. स्टॉपवॉच लावून केलेल्या तक्त्यात ते सेकंद ‘मूल्य न वाढवणारी हालचाल’ म्हणून लाल रंगात आले. फडकं बंद झालं, सायकल टाइम खाली आला, शेवटच्या सादरीकरणात टाळ्या पडल्या. मग पिनच्या बुडाशी लोखंडाचा बारीक कीस साचायला लागला. जॉब केसभर तिरका बसायचा आणि बोअर मापाबाहेर जायचा. रिजेक्शन वाढल्याचं ध्यानात येईपर्यंत ती मुलं दुसऱ्या शहरात, दुसऱ्या क्लायंटकडे पोहोचली होती. मेमो मिळाला तो ऑपरेटरला. ‘तू पुसतोस कशासाठी?’ एवढं त्याला कोणीही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. विचारायला वेळ नव्हता, कारण ठरलेल्या तारखेला डेक द्यायचा होता आणि तारखेनंतर काय होतं ते बघायचे पैसे त्यांना कोणी दिलेच नव्हते.

दुसरी वाट ऑडिटवाल्या चार मोठ्या फर्मची. तिथे कन्सल्टिंग हा एक विभाग असतो, आणि खरी मेख तीच आहे. आर्थर अँडरसन या ऑडिट फर्मने 2000 साली एन्रॉनकडून ऑडिटचे अडीच कोटी डॉलर घेतले, आणि सल्ल्याचे व इतर कामांचे दोन कोटी सत्तर लाख. ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्याकडूनच तपासणीच्या फीहून मोठी रक्कम येत असेल, तर तपासणाऱ्याची नजर मऊ होणारच. एन्रॉनच्या हिशेबांतला घोटाळा बाहेर आल्यावर 2002 मध्ये ती फर्म कोसळली. आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 144 ऑडिटरला त्याच कंपनीला व्यवस्थापनाची सेवा द्यायला बंदी घालतं. कायदा आहे, बरंच आहे. पण ऑस्ट्रेलियात सरकारला करकायद्यावर सल्ला देताना हाती आलेली गोपनीय माहिती पीडब्ल्यूसी या चारांपैकीच एका फर्मच्या लोकांनी फर्ममध्ये धंद्यासाठी वापरली. ते उघडकीला आल्यावर 2023 मध्ये सरकारी सल्ल्याचा अख्खा विभाग एका डॉलरला विकावा लागला. माझ्या एका मित्राला अशाच एका फर्मने सरकारी खात्यात बसवलंय. तो वर्षानुवर्षं तिथे आहे, परिणाम डोळ्यांनी बघतो. पण टिपण त्याचं आणि सही साहेबाची. चुकलं तर तो जबाबदार नाही, बरोबर ठरलं तरी तो कुठे नाही. मला ते जमणार नाही.

तिसरी फर्म पुण्यातली, लहान. फाउंड्री, मशीन शॉप, ऑटोचे सुटे भाग बनवणारे कारखाने हे त्यांचे क्लायंट. सल्ला देऊन थांबत नाहीत, बदल अंगवळणी पडेपर्यंत शॉप फ्लोअरवर राहतात. माझा जीव तिथे ओढतो. पण लहान म्हणून ती निर्मळ, हे मी धरून चालणार नाही. त्यांच्या फीचा एक भाग वाचवलेल्या पैशांतल्या टक्क्यातून येतो. कारखान्यात सगळ्यात लवकर दिसणारी बचत कोणती, हे चाकणमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा. ठेकेदाराला सांगायचं, पुढच्या महिन्यापासून वीस माणसं कमी पाठव. ना नोटीस, ना भरपाई, आणि बचत पहिल्याच महिन्यात कागदावर. माझा पगार त्या टक्क्यातून निघणार असेल, तर भट्टीतली वाया जाणारी वीज शोधण्याची चिकाटी माझ्यात किती दिवस टिकेल?

म्हणून तिन्ही ठिकाणी मी एकच प्रश्न विचारला: तुम्ही अलीकडे कोणतं काम नाकारलंत? मोठ्या फर्ममध्ये सांगितलं, त्यासाठी समिती आहे, नियम आहेत. ते असतीलही, पण एकही उदाहरण मिळालं नाही. दुसरीकडे विषय बदलला. पुण्यातल्या भागीदाराने जरा थांबून सांगितलं की कारखाना बंद करण्याआधी कागद रंगवून देणारा अहवाल एका मालकाला हवा होता, तो त्यांनी दिला नाही, आणि त्या तिमाहीत स्वतःचा पगार उचलला नाही. ते खरं की मला ऐकवण्यासाठी, हे तपासायला त्यांची नोकरी सोडलेल्या एका इंजिनिअरला मी फोन केला. तो त्यांच्यावर नाराज होता, पण ही गोष्ट खरी म्हणाला.

पगार मोठ्या फर्मच्या निम्म्याहून कमी आहे. हप्ता भागतो. पिंपरीतल्या टू-बीएचकेचा विचार पुढे ढकलावा लागेल, तसं बायकोशी बोलणं झालंय. होकार कळवायचं ठरवलंय. टक्क्याची अट तेवढी राहिली आहे. माणसं कमी करून झालेली बचत त्या हिशेबात धरायची नाही, असं मला करारात लिहून हवंय. सही करण्याआधी ते बोलून घेणार आहे. नाही म्हणाले, तर पुन्हा विचार करावा लागेल.