पकड आणि मोकळीक

साधन आणि साध्य यांच्या नात्याचा विचार तत्त्वज्ञांनी पुष्कळ केला. पण तो बहुधा युद्ध, राज्यसंस्था, सत्याग्रह अशा मोठ्या उदाहरणांच्या आधारे झाला. महात्मा गांधींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना साधनाला बीज आणि साध्याला वृक्ष म्हटले, तेव्हा साधनशुचितेच्या चर्चेला एक दृष्टांत कायमचा लाभला. हाच प्रश्न लोखंडाच्या एका पट्टीत आणि एका बोल्टमध्येही दडलेला असतो, आणि तेथे त्याचे उत्तर शब्दांनी देऊन भागत नाही. ते मापाने द्यावे लागते. यंत्रावर घडणाऱ्या वस्तूला जागच्या जागी धरून ठेवणारा क्लॅम्प हे ते साधन होय.

मापाने उत्तर देण्याची परंपरा चंडीगडला आहे. वैज्ञानिक उपकरणांच्या संशोधनासाठी १९५९ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय संस्था १९६२ मध्ये या शहरात आली. तिच्या आश्रयाने १९६३ मध्ये स्विस सहकार्यातून इंडो-स्विस ट्रेनिंग सेंटर सुरू झाले आणि टूल व डाय घडवण्याचे शिक्षण तेथे मिळू लागले. त्याच वर्षी जवळच्या पिंजोरला एचएमटीचा कारखाना उभा राहिला. १९७४ पासून मोहालीत ‘स्वराज’ ट्रॅक्टर तयार होऊ लागले. अशा परिसरात हयात घालवलेला एखादा कारागीर निवृत्तीनंतर घराच्या मागच्या खोलीत लहानसा लेथ किंवा मिलिंग मशीन मांडतो. किर्लोस्करवाडी आणि कोल्हापूरचे उद्यमनगर यांमुळे मराठी वाचकालाही ही जात अनोळखी नाही. या माणसाची पहिली अडचण कापण्याची नसते, धरण्याची असते. बाजारात मिळणारे क्लॅम्प चौकोनी आणि गोल वस्तूंची सोय पाहतात. पंपाचे वेडेवाकडे झाकण किंवा जुन्या यंत्राचा दुर्मीळ भाग समोर आला की त्याच्यापुरता वेगळा क्लॅम्प घडवावा लागतो. कित्येकदा मूळ कामाला लागतो त्याहून अधिक वेळ त्याला धरण्याच्या तयारीत जातो.

साध्या पट्टीच्या क्लॅम्पची रचना तरफेची असते. पोलादी पट्टीचे एक टोक वस्तूवर, दुसरे मागच्या ठोकळ्यावर आणि मधल्या खाचेतून यंत्राच्या टेबलाशी जखडलेला बोल्ट. बोल्ट वस्तूपासून जितका दूर असेल त्याच्या दुप्पट अंतर त्याच्यापासून ठोकळ्यापर्यंत ठेवले, तर बोल्टच्या ताणाचा दोन तृतीयांश भाग वस्तूवर येतो. अंतरे उलटी केली की तोच ताण ठोकळ्याला दाबण्यात खर्ची पडतो. ठोकळा वस्तूच्या उंचीचा किंवा किंचित अधिक उंच हवा. तो बुटका असेल तर पट्टी तिरपी होऊन वस्तूच्या कडेवरच रुतते. सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की वरून जेथे दाब द्यायचा त्याच्या नेमक्या खाली आधार असला पाहिजे. खाली पोकळी ठेवून वरून दाबलेली वस्तू वाकते. ज्याला खालून आधार देता येत नाही, त्याला वरून दाबण्याचा अधिकार नाही, इतका सरळ नीतिविचार या नियमात आहे.

न्यायशास्त्राने घटाच्या कारणांची चर्चा करताना मातीला समवायी कारण मानले. कुंभार, त्याचे चाक आणि दंड यांना निमित्तकारणे म्हटले. माती वाहून आणणारे गाढव मात्र ‘अन्यथासिद्ध’ ठरवले, कारण ते विशिष्ट गाढव नसते तरी घट झालाच असता. क्लॅम्पचे स्थान कोणते? त्याच्यावाचून काम होत नाही, म्हणून तो निमित्तकारण आहे यात संशय नाही. परंतु पूर्ण झालेल्या वस्तूत त्याची खूण शोधू जावे तर ती सापडत नाही, आणि सापडली तर तो दोष ठरतो. पृष्ठभागावर उमटलेला क्लॅम्पचा व्रण हा कारागिराला कमीपणा आणणारा असतो. स्वतःच्या अनुपस्थितीने सफल होणाऱ्या या साधनाची गणना कर्तृत्वाच्या हिशेबात सहसा होत नाही. आई, शिक्षक, हस्तलिखितावर हात फिरवणारा संपादक यांचे श्रमही याच जातीचे असतात.

तथापि पकडीचा खरा नैतिक प्रश्न याहून खोल आहे. पातळ भिंतीचे एक कडे तीन जबड्यांच्या चकमध्ये घट्ट आवळले आणि आतून कापून गोल केले, तर चकमध्ये असेपर्यंत ते निर्दोष गोल असते. कोणतेही माप त्यात चूक दाखवत नाही. जबडे सैल होताच दबलेला धातू मूळ ठिकाणी परततो आणि गोल छिद्र तीन कोनांचे होते. कापताना यंत्र चुकलेले नसते, मोजताना कारागीर चुकलेला नसतो. दोष पकडीचा असतो, आणि पकड असेपर्यंत तो दिसत नाही. म्हणून जाणता कारागीर वस्तू अखेरच्या रूपाजवळ आणतो, मग क्लॅम्प सैल करून धातूला श्वास घेऊ देतो. पुन्हा हलक्या हाताने धरतो आणि शेवटचा काप घेतो. वस्तू खरी उतरली की नाही, हे तो ती सोडल्यावरच मोजतो.

कुटुंब, शाळा, पंथ आणि राज्यसंस्था यांचे माप मात्र बहुधा पकडीत असतानाच घेतले जाते. शिस्तीतला विद्यार्थी, धाकातले मूल, कायद्याच्या बडग्याखालील नागरिक सरळ दिसतो, आणि धरणारा हात त्या सरळपणाचे श्रेय घेतो. पुढे वाकडेपणा प्रकट झाला की दोष धातूला दिला जातो. शिकंजा या शब्दाचा इतिहास येथे उद्बोधक आहे: फारसीत त्याचा अर्थ यातना असाही होतो. धरणे आणि छळणे यांच्यातील सीमारेषा भाषेला फार पूर्वीच पुसट वाटली असावी.

याचा अर्थ पकडच नको असा काढणे भ्रांतिमूलक ठरेल. सैल धरलेली वस्तू फिरत्या कटरच्या धक्क्याने उडते. ती स्वतः बिघडते आणि समोरच्याला जायबंदीही करते. मोकळीक आणि ढिलाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्न पकडीच्या असण्याचा नाही, तिच्या आकाराचा आहे. सोनाराने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. नक्षी ठोकण्यासाठी तो दागिना तापवलेल्या लाखेवर बसवतो. लाख दागिन्याचा आकार घेते, सर्व बाजूंनी त्याला पेलते, आणि काम झाल्यावर ऊब देताच सोडून देते. लेथवरचे ॲल्युमिनियमचे मऊ जबडे हेच करतात. ते त्याच यंत्रावर वस्तूच्या व्यासाइतके कापून घेतात. मग दाब तीन बिंदूंवर न पडता सर्व परिघावर वाटला जातो. येथे आधी बदलतो तो धरणारा. घरच्या कारखान्यात एका वस्तूसाठी वेगळा क्लॅम्प घडवण्यात हीच नम्रता आहे.

चंडीगड हे शहरसुद्धा एका अर्थी पकडीचा प्रयोग आहे. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्याने निवास, काम आणि दळणवळण यांच्या जागा वेगळ्या केल्या. उद्योग शहराच्या एका कडेला गेले आणि वस्त्यांना सेक्टरची चौकट मिळाली. घरामागचा लेथ त्या विभागणीत सहजी बसत नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेक्टर १ ते ३० मधील घरांचे मजलेवार सदनिकांत विभाजन करण्यास मनाई केली, तेव्हा वारसा जपण्यासाठी आराखड्याची पकड कायम राहिली. त्यात तथ्य आहे. पण वाढत्या कुटुंबांची अडचणही खोटी नाही. दाबाखाली आधार आहे का, हा कारागिराचा प्रश्न येथेही विचारावा लागतो.

त्याच शहराचे बोधचिन्ह मात्र उघडा हात हे आहे. देण्यासाठी आणि घेण्यासाठी उघडा, असा त्याचा अर्थ कॉर्बुझिए यांनी सांगितला होता. त्यांच्या निधनानंतर वीस वर्षांनी, १९८५ मध्ये, वाऱ्याबरोबर फिरणारे ते २६ मीटर उंच शिल्प उभे राहिले. त्याचे पत्रे नंगलच्या कार्यशाळेत घडले. घडताना त्यांनाही कुठे ना कुठे क्लॅम्पमध्ये धरावेच लागले असणार. त्या पकडीची एकही खूण आज वाऱ्यावर फिरणाऱ्या हातावर शोधता येणार नाही.